पाण्यावरचं कासव

हौदाच्या पाण्यावर कासव नव्हतं. डॉ. शलाकाच्या हातातला मासळीचा डबा तसाच राहिला.

जाळ्यात अडकून जखमी झालेल्या त्या कासवाच्या अंगात हवा साठली होती. महिना झाला, ते पालथ्या परातीसारखं नुसतं तरंगत होतं. बुडी काही मारता येत नव्हती. शलाका रोज सुईने थोडी थोडी हवा काढायची. “याने आता समुद्र विसरायचा,” असं वरिष्ठ सांगून गेले, तरी ती हट्टाला पेटली होती.

“जनूभाऊ!” ती ओरडली. “गेलं ना ते? आणि मागच्या कासवासारखं मला न विचारता पुरून टाकलंत? अहो, चिरून बघितल्याशिवाय पुढच्याला वाचवायचं कसं मी?”

कासवांच्या उपचार केंद्राची राखण करणारे जनूभाऊ हातातल्या झाडूसकट धावत आले. “देवाशप्पथ मॅडम, मी आत्ताच येतोय. हातसुद्धा लावला नाही.”

दोघं काठावरून वाकले. हिरवट पाण्यात काहीच दिसेना.

तेवढ्यात मधोमध पाणी हललं. कासवाने डोकं वर काढलं, फुस्सकन श्वास सोडला, नवा घेतला, आणि मान खाली घालून ते सरळ तळाशी निघून गेलं.

जनूभाऊंना हसू फुटलं. “महिनाभर हाताने भरवलंत, पण ओळखसुद्धा दाखवली नाही बघा!”

“नाहीच दाखवायची,” शलाका म्हणाली. डोळे पुसायला तिला ॲप्रनची बाही पुरेना.