प्रचाराचा शेवटचा बॅनर

"ताई, लक्षात आहे ना, मत मलाच," असा इचलकरंजीच्या महिपतीकाकांचा रोज मेसेज यायचा. ऋजुताने तिच्या पेजवर गंमत म्हणून आधार कार्डावरच्या सर्वांत भयंकर फोटोची स्पर्धा लावली होती. लोकांनी आपापले फोटो पाठवायचे, बाकीच्यांनी मतं द्यायची. एक डोळा मिटलेले, तोंड वासलेले काका थेट अंतिम फेरीत पोचले.

त्यांच्या चाहत्यांच्या उत्साहाला तर ऊत आला होता. त्याच फोटोचे बॅनर बनवून कुणी त्यांना भावी आमदार केलं, कुणी नवरदेव.

अंतिम मतदानाच्या सकाळी काकांच्याच नंबरवरून नवा बॅनर आला. तोच फोटो, भोवती हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ऋजुता खदखदून हसली. 'प्रचार असावा तर असा' असं लिहून तिने तो पेजवर टाकला.

संध्याकाळी काका दणक्यात जिंकले. अभिनंदन करायला तिने फोन लावला, तर तो त्यांच्या मुलीने उचलला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"बॅनर पप्पांच्या फोनमधल्या सगळ्यांनाच पाठवला मी," ती म्हणाली. "दुसरा फोटोच नव्हता हो त्यांचा."