तेरावा ठोका

ओर्फेलिनानं उताराच्या कडेला बर्फात कमरेइतका खड्डा खणला, त्याच्या भिंतीतून चौकोनी खांब कापून सुटा केला आणि उतारावरचं बर्फ घसरेल का ते पाहायला त्यावर फावड्याचं पातं ठेवलं. मग मनगटातून हलके दहा ठोके दिले. खांब जागचा हलला नाही.

"झालं समाधान?" बाल्दोमेरो म्हणाला. तिच्या वडिलांबरोबर चाळीस वर्षं अँडीजच्या या खोऱ्यात शेळ्या चारलेला माणूस. "तिकडं तुझा बाप पाय मोडून पडलाय, आजच्यापुरतंच सरपण उरलंय म्हणाला रेडिओवर. अन् तू इथं भातुकली मांड! एवढा उतार ओलांडला की अर्ध्या तासात खोपटं."

ती कोपरापासून हात हलवून मारू लागली. अकरा. बारा. तेराव्या ठोक्याला वरचा हातभर थर फळीसारखा सुटला आणि तिच्या मांडीवर आदळला. खाली हिवाळ्यातलं पहिलं बर्फ होतं, साखरेसारखं रवाळ. मुठीत धरलं तरी बोटांतून ओघळत होतं.

बाल्दोमेरोनं ते पाहिलं, पण बोट पलीकडे दाखवलं. "सकाळीच ग्वानाकोंचा कळप गेलाय इथनं. बघ, खूर उमटलेत. जनावर गेलं तिथनं माणूस जातो. तुझा आजा हेच सांगायचा."

"आज्याला वसंतात याच उताराखालून उकरून काढलं, तेही सांगा ना काका."

म्हाताऱ्यानं दाखवलेलं बोट खाली घेतलं.

खोऱ्यातला रिवाज असा, की बर्फावर सोबत निघालेल्यांपैकी एकानं नको म्हटलं की सगळ्यांनी मागं फिरायचं. हेच तिनं इतरांना दहा वेळा ऐकवलं होतं. आज जीभ रेटेना. डोंगराच्या सोंडेवरून वळसा म्हणजे चार तास. तोवर चूल विझली तर?

"नको," ती शेवटी म्हणाली. "सोंडेवरून जाऊ. लाकडं द्या माझ्याकडं थोडी."

"मी काय म्हातारा झालोय?" म्हणत बाल्दोमेरोनं मोळी पाठीवर घट्ट केली आणि तोच पुढं निघाला.

दिवस कलता कलता ते पोचले. चुलीत स्टुलाचा शेवटचा पाय जळत होता. तिचे वडील, एवारिस्तो, कातडी पांघरून खिडकीला चिकटून बसले होते.

"उशीर झाला, बाबा," ती बाल्दोमेरोच्या पाठीवरची मोळी उतरवत म्हणाली. "वाट पाहून थकला असाल."

"वाट कसली!" त्यांनी तिचा गारठलेला हात दोन्ही हातांत धरला. "सकाळपासून त्या उतारावर डोळे लावून बसलोय. तू तिथं दिसू नयेस म्हणून."