झाडाकडचं टोक

"लंबू उंचीनं मोठा आहे हो, खेळानं नाही!" पंचांनी चहाचा कप आपटला आणि शेडमध्ये हशा पिकला.

"अरे जा! डावऱ्याला खरा वेग दाखवा एकदा, पळता भुई थोडी होईल," जुना गोलंदाज तावातावानं म्हणाला.

वर्षभर मैदानावर हाच वाद. लंबू मोठा फलंदाज की डावरा? उद्या निवड समितीसमोर दोघं एकाच बाजूनं सलामीला उतरणार होते, आणि मोठ्या संघात जागा उरली होती एकच.

"मामा, तुम्हीच सांगा आता. कोण मोठा?"

खेळपट्टी राखणारे मामा नुसते हसले. लंबू त्यांचा मुलगा. डावरा त्यांचा भाचा; लंबू त्याला दादा म्हणे. बहीण गेली तेव्हा तिनं त्या पोराचा हात यांच्या हातात दिला होता. तो मामा म्हणे, म्हणून सगळं मैदानच मामा म्हणू लागलं. "मी माती बघतो रे बाबांनो, माणसं नाही," ते म्हणाले.

"कशाला त्यांना पेचात टाकता?" समितीचे साहेब खुर्चीतून उठता उठता म्हणाले. "लंबू चांगलाच आहे. पण डावरा तो डावराच."

मामांच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं, तेव्हा ते झाडाकडच्या टोकाला गुडघे टेकून बसले. सामन्याची सुरुवात नेहमी याच टोकाला व्हायची, आणि पहिलं षटक नेहमी डावरा खेळायचा. लंबूनं ते कधी मागितलंच नव्हतं. मामांनी आखूड टप्प्याच्या जागी खिळ्यानं माती सैल केली. झारीनं पाणी सोडलं. वरून कोरडी माती भुरभुरली. जागा दिसायला तळहातासारखी सपाट. चेंडू मात्र तिथून तोंडावरच येणार. दोन-चार षटकांत ऊन चढून जागा वाळली, की कुणाला पत्ताही लागणार नव्हता.

"जीव थोडाच घ्यायचाय कुणाचा? लवकर बाद झाला म्हणजे झालं," ते स्वतःशी पुटपुटले. माणसाचं मन मोठं गोडबोलं. पापालाही आधी एक साधंसं नाव ठेवतं.

सकाळी दोघं भाऊ पॅड बांधून उतरले. मध्यावर थांबले. डावरा हात झटकत काहीतरी बोलला. लंबूनं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि झाडाकडच्या टोकाला जाऊन तोच उभा राहिला.

मामा ताडकन उठले. एक हाक पुरे होती. पण शेजारीच समितीचे साहेब बसले होते. विचारलं असतं, का थांबवलंत? नुसता हात तेवढा वर गेला. लंबूला वाटलं, बाबा आशीर्वाद देताहेत. त्यानं हसून बॅट उंचावली.

पहिला चेंडू पुढे पडला. मामांच्या जिवात जीव आला. दुसरा त्या जागेवर पडला, उसळला, आणि हेल्मेटच्या जाळीतून थेट डोळ्यावर बसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामांना बाजूला घेतलं. "डोळा वाचला नाही," इतकंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

आत भाचा पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हुंदके देत होता. "माझे हात थरथरत होते मामा, म्हणून हा म्हणाला, आज पहिलं षटक मी खेळतो. माझ्यामुळं झालं हो सगळं!"

मामांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

पट्ट्यांत गुंडाळलेल्या लंबूनं चाचपडत बापाचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"रडू नका बाबा. देव पावला म्हणा," तो म्हणाला. "दादाला लागलं असतं, तर वर गेल्यावर आत्याला काय तोंड दाखवलं असतं तुम्ही?"