न शिकवलेले उंदीर

"तुमची वेळ संपलीय." ताईने दार असं ढकललं की ते भिंतीवर आपटलं. "हे रोज सांगायचं का मी?"

दाढीवाला मायक्रोस्कोपपुढून उठला. "पाचच मिनिटं, ताई. आवरतोच आहे."

"तुमची पाच मिनिटं म्हणजे मारुतीचं शेपूट! लाज कशी वाटत नाही?"

तो वायरी गुंडाळू लागला. त्याच्या या न बोलण्याने तर तिचं डोकं आणखीच फिरायचं. मग ती त्याच्या मागच्या चुका काढायची, आणि तो आवरून बाहेर पडेपर्यंत तिचं तोंड थांबायचं नाही.

संस्थेत प्रयोगशाळा अनेक, पण जिवंत मेंदू पाहता येईल असा मायक्रोस्कोप एकच. म्हणून सगळ्यांनी वेळ वाटून घेतलेली. बारभाईची खेती, काय लागेल हाती! दाढीवाल्याची वेळ ताईच्या आधी असायची. तो आपल्या उंदरांना स्पीकरवरून शिट्ट्या ऐकवायचा. जनावरं पॅसेजमध्ये ठेवायला बंदी होती, त्यामुळे ताईचे पिंजरे तोवर त्याच खोलीच्या कोपऱ्यात थांबायचे.

ताईचं काम सांगायला सोपं होतं. अर्ध्या उंदरांना एक कसरत शिकवायची, अर्ध्यांना काहीच शिकवायचं नाही. मग कवटीत बसवलेल्या इवल्याशा काचेतून दोघांच्या मेंदूतले तेच ते तंतू पुन्हा पुन्हा पाहायचे. उंदीर नवं काही शिकला की तंतूंना नवे कोंब फुटतात. न शिकवलेल्यांना ते फुटता कामा नयेत. फुटले, तर तुलना करायची कशाशी? वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात जायची, आणि तिच्या नोकरीची मुदत याच निकालावर वाढायची होती.

आणि कोंब तर भराभरा फुटत होते. कोणीतरी तिच्या उंदरांना काहीतरी शिकवत होतं. कोण, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"आज जेवताना तरी तो दाढीवाला नको," घरी नवरा म्हणाला.

"म्हणजे माझंच चुकतंय?"

नवऱ्याने ताटात मान घातली. लेक अर्धी पोळी तशीच टाकून आतल्या खोलीत गेली. आपल्या माणसांनाही आपली बाजू कळू नये, याचं ताईला फार वाईट वाटलं.

तिने तक्रार केली, आणि नुसती केली नाही, लावून धरली. मायक्रोस्कोपची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या मॅडम सबुरीने घेऊ म्हणत होत्या, तर ताई थेट संचालकांपर्यंत गेली. शेवटी दाढीवाल्याची वेळ काढून घेतली गेली. त्याचा प्रयोग अर्ध्यावरच बंद पडला.

सामान न्यायला तो आला, तेव्हा ताई एका उंदराला पिंजऱ्यातून काढत होती. उंदीर तिच्या मुठीत गोळा होऊन थरथरत होता.

"माझ्या शिट्ट्यांनी तुमच्या उंदरांना काही होत नाही, ताई," तो म्हणाला.

"मग काय भूत येतं शिकवायला? चालते व्हा इथून!"

तो गेला. खोली तिची झाली, आणि काही अडलं की ती आता यंत्रावरच ओरडायची. काही दिवसांनी तिने न शिकवलेले उंदीर पुन्हा पाहिले. कोंब पहिल्यापेक्षा जास्त होते.

ती तडक मॅडमच्या खोलीत घुसली. "तो चोरून येतोय!"

"किल्ली माझ्याकडे असते."

"मग तुम्हीच देत असाल!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याचा स्पीकर अजून माझ्याकडेच आहे. तुझा एक न शिकवलेला उंदीर आज मी स्वतः मायक्रोस्कोपखाली बसवते आणि त्याच शिट्ट्या वाजवते. त्यांतून तो काही शिकला असेल, तर पेशी चमकतील. मग मी तुझी माफी मागेन. पण तू बाहेर थांबायचं."

ताई पॅसेजमध्ये उभी राहिली. दारातल्या काचेतून तिला सगळं दिसत होतं. मॅडमनी उंदराला हलक्या हाताने मायक्रोस्कोपखाली बसवलं. शेजारच्या मोठ्या पडद्यावर त्याच्या मेंदूच्या पेशी फिकट ठिपक्यांसारख्या दिसू लागल्या. पेशी खवळली की ठिपका हिरवा चमकायचा.

मॅडमनी शिट्टी वाजवली. ती दाराबाहेर ऐकू आली. पडदा तसाच राहिला.

त्यांनी पुन्हा वाजवली. उंदीर निवांत बसला होता. पडद्यावर काहीच नाही.

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. हा सगळा कावा होता! बाईंनी आवाज मुद्दाम बारीक ठेवला असणार. आपली नोकरी जाणार आणि ही दोघं हसणार. आत मॅडमनी स्पीकर बंद केला. ताईने दार ढकललं.

"आवाज बारीक ठेवलाय तुम्ही! दोघं मिळालेले आहात एकमेकांना!"

मॅडम तिच्याकडे वळल्या नाहीत. त्या पडद्याकडे पाहत होत्या, म्हणून ताईनेही पाहिलं. पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवागार पेटला होता.

ती गप्प झाली. हळूहळू एकेक ठिपका विझत गेला.

"हे काय..." ती पुटपुटली, आणि पडदा पुन्हा पेटला.