धुलाईघराचा नवा नकाशा

"पलंग कुठे ठेवायचा?" हॅडनने विचारलं.

मर्सी ट्रॅपनेल इस्त्री हातात घेऊन तशीच उभी राहिली. वेनलॉक हॉल या मोठ्या घराच्या धुलाईघरात ती एकतीस वर्षं चादरी उकळत आली होती. पलंगाबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"कुणाचा पलंग, साहेब?"

आर्किटेक्ट हॅडनने मोजपट्टी गुंडाळली. "उतारवयाच्या एका बाईला इथे एकटीनं राहता यावं, असं करून द्यायचंय. आणि सगळं तुम्हाला विचारूनच करायचं, असा बाईसाहेबांचा हुकूम आहे."

मर्सीने इस्त्री चुलीवर ठेवली. तीन वर्षांपूर्वी तापाच्या साथीत तिची धाकटी बहीण गेली. दोघी इथेच, कपडे उकळायच्या हंड्यापाशी राबायच्या. तेव्हापासून मर्सीला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. नाताळनंतर घरचे कपडे धुण्यासाठी शहरात पाठवणार आणि इथलं काम बंद होणार, हे कळल्यावरही ती "बरं" एवढंच म्हणाली होती.

"त्या भिंतीला नको," ती म्हणाली. "ओल येते. इकडे घ्या. आणि दाराची पायरी काढून टाका. गुडघे धरतात."

हॅडनने लिहून घेतलं.

तो दर मंगळवारी यायचा. हंड्याच्या जागी त्याने शेकोटी आखली. तबेल्यापर्यंत आलेला पाण्याचा नळ आत वळवला. मर्सीने खिडकी मागितली, सफरचंदांच्या बागेकडची. मागून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

स्वयंपाकीणबाई, मिसेस बज, जेवताना चिडवायच्या. "काय मर्सीबाई, महाल कुठवर आला? आम्हाला चहाला बोलवाल ना, की दारातूनच वाटेला लावाल?"

"पाय पुसून आलात तर घेईन आत."

टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे वळून बघू लागले. मर्सी थट्टा करते, हे ते विसरूनच गेले होते.

नोव्हेंबरात लेडी वेनलॉक काठी टेकत स्वतः धुलाईघरात आल्या. इस्त्रीच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला.

"तू होतीस म्हणून हे जमलं, असं हॅडन म्हणतो. थंडी कुठून शिरते, ओल कुठे धरते, हे आम्हाला काय ठाऊक!"

"बाईसाहेब, मी..." मर्सीने ओले हात पुसले. "फार उपकार झाले."

"उपकार कसले?" बाईसाहेब खिडकीतून मोठ्या घराकडे बघत होत्या. "घराचा दगड विकला गेला. मार्चमध्ये पाडायला घेतील. साहेब गेल्यापासून त्या चाळीस खोल्या मला झेपत नाहीत. इथे मी सुखात राहीन."

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

"तू तुझी सोय कुठेतरी बघितलीच असशील ना, मर्सी?"