केतकी दाभाडे म्हणजे कोण

"माणसं पन्नास देतात. एक्कावन्न मशीन देतं," प्रचाराचा हिशेब ठेवणारा फर्गल म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मेधाकडे फिरवला.

शनिवारची दुपार. डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या बंद दुकानावरची खोली. तिला सगळे प्रचार कार्यालय म्हणत. कोपऱ्यात पत्रकांच्या घड्या घालत बसलेली बाई म्हणजे नोरा, आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार. सट्टेवाल्यांच्या पाटीवर सगळ्यात खाली. मागे ना पक्ष, ना पैसेवाले. आयुष्यभर ती नर्स होती. बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळांची वजनं करायची. शेजारचं अर्धं ॲडम्सटाउन तिच्या काट्यावर झोपून गेलेलं.

तिच्यासाठी ऑनलाइन देणगीचं पान मेधाने केलं होतं. ॲडम्सटाउनच्या मराठी ग्रुपवर लिंकही तिनेच टाकली होती. स्टेशनवर, समोर गाडी येत असताना, एका अंगठ्याने.

*नोराताईंना मदत करा. लिंक खाली. आयरिश नागरिकच लागतो हं.*

मग पैसे आले. अकरा युरो. एकवीस. एक्कावन्न. पुन्हा अकरा.

"वर एक ठेवतो आम्ही," मेधा म्हणाली. "आहेर करताना. शुभ असतं."

"ग्रँड." फर्गलच्या तोंडी ग्रँड म्हणजे, ऐकलं, पुढे चला. "आता माणसांचं सांग. यातलं एकही नाव मतदार यादीत नाही."

"आमच्यातल्या बहुतेकांना अजून मत नाही."

"मत नसलं तरी चालतं. इथे राहणाऱ्या कुणाचेही पैसे चालतात. खोट्या नावाचे चालत नाहीत. मी शोधलं यांना. कुणाची नोकरी सापडत नाही. कुणाचा फोटो नाही. तुमच्या इंजिनिअर लोकांचे तर झाडून सगळीकडे फोटो असतात."

कुणाचेही चालतात? मेधा जराशी चपापली. पण तो विचार तिथेच राहिला, कारण तिला एक नाव दिसलं.

केतकी दाभाडे. एक्कावन्न युरो.

दाभाडे तिच्या समोरच्याच इमारतीत राहत. सलील, सुनेत्रा आणि त्यांची मनू. दर रविवारी मेधा त्यांच्याकडे जेवायला. केतकी नावाचं माणूस त्या घरात नव्हतं.

संशय आधी फर्गलचा होता. आता मेधाचा.

कारण सलीलने हे पूर्वी केलेलं. गणपतीत देणगीदार जास्त दिसावेत म्हणून स्वतःची वर्गणी त्याने तीन मामांच्या नावावर दाखवली होती. त्यातले दोन मामा वारलेले. तेव्हा सगळे हसले. मेधाच सगळ्यात जास्त.

तिने मेसेज केला. *सलील, केतकी दाभाडे कोण?*

सलील लिक्सलिपच्या कारखान्यात शिफ्टवर होता. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

*नियमात बसवलंय गं सगळं. सगळ्यांनी तसंच केलंय. ब्रेक संपला, नंतर बोलतो.*

बसवलंय. हा शब्द तिला अजिबात आवडला नाही. सगळ्यांनी, हा त्याहून नाही.

"काय म्हणतो?" फर्गलने विचारलं.

तिने फोन पालथा ठेवला. तेही त्याने पाहिलं.

"मेधा, मला हे आजच वर कळवावं लागेल. पान तुझं आहे. तुझंच नाव जाईल."

तिच्या नागरिकत्वाचा अर्ज दीड वर्ष कुठल्याशा टेबलावर होता. त्यात एक रकाना चारित्र्याचा. निवडणुकीच्या पैशात खोटी नावं घुसवणारी बाई कोणता देश घेईल? मी नाही घेणार, तिला वाटलं. खालमानेने घड्या घालणाऱ्या नोराकडे तिने पाहिलं. नोराने वर पाहिलं नाही. म्हणजे हिलाही तसंच वाटतंय.

"पानावर या केतकीचा नंबर दिलाय," फर्गल म्हणाला. "लावू?"

नको, असं म्हणणं म्हणजे कबुलीच. "लाव."

त्याने स्पीकर सुरू केला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलणार नाही, मेधा मनात म्हणाली. मेलेले मामा फोन उचलत नाहीत.

"हॅलो?"

"केतकी दाभाडे यांच्याशी बोलायचं होतं."

"बोलतेय. आई पोळ्या करतेय, तिचे हात पिठाचे आहेत."

अस्सल डब्लिनी इंग्रजी, आणि त्यात पोळ्या. मेधाने तो आवाज दर रविवारी ऐकलेला.

"मनू?"

"मेधामावशी? तू पण आहेस?" आवाज खुलला, मग जरा फणकारला. "मनू फक्त घरी. शाळेत केतकीच."

नोराचे हात थांबले. फर्गलने मात्र धागा सोडला नाही.

"केतकी, नोराला एक्कावन्न युरो तू दिलेस?"

"माझ्या नावाने दिले. पैसे बाबाचे. मी तिसरीत आहे, मला पगार नसतो."

"बाबाचे पैसे, तर मग त्याने स्वतःचं नाव का नाही घातलं?"

"त्याचं नाही चालत. आईचंही नाही. माझ्या वर्गातल्या रेवाच्या घरी पण रेवाचंच घातलं. मेधामावशीनेच तर ग्रुपवर लिहिलंय, आयरिश नागरिक लागतो."

फर्गलने मेधाकडे पाहिलं. मेधाने पालथा ठेवलेल्या फोनकडे.

"आणि आमच्या घरात," केतकी दाभाडे म्हणाली, "मी एकटीच आहे."