मे महिन्यातला कोट

मंद्रूपच्या वेशीवर टेम्पो थांबला आणि हुसेनसाबांचा बँड खाली उतरला. उतरला तो पांढऱ्या सुती सदऱ्यांत आणि गुलाबी फेट्यांत. लाल कोट, खांद्यावरच्या सोनेरी झालरी, पितळी बटणं, यातलं काहीच कुणाच्या अंगावर नव्हतं.

नवरदेवाचे वडील शिवयोगीअण्णा बघतच राहिले. सोलापुरात सात रस्त्याला त्यांचं पंख्यांचं आणि कूलरचं दुकान. जगाला गारवा विकणारा हा माणूस स्वतः मात्र भर मेमध्ये मरून रंगाचा ब्लेझर घालून आला होता, गळ्यात टाय, वर सोनेरी बटणं. चौघे भाऊही तसेच, एकाच कापडातले. आतला शर्ट भिजून चिंब झाला होता, पण ब्लेझर काढायचं नाव नाही. पोराच्या लग्नात बाप साहेब दिसायला नको?

"हुसेनसाब, कोट कुठं हायत?"

"ट्रंकेत हायत, अण्णा. परवाच्या वरातीत चाचांना भोवळ आली. तवापास्नं बंद केले."

चाचा म्हणजे लाडलेसाब, हुसेनसाबांचे चुलते. वय सत्तरीपार. पण क्लॅरिनेट ओठाला लावलं की अजून रस्त्यावरची माणसं सायकल टेकवून उभी राहतात.

"अहो, कोट नाही तर बँड कसला? मुलीकडच्यांपुढं माझी काय शोभा?"

"अण्णा, आमच्या पणजोबांनी गोऱ्या पलटणीचा बँड बघून त्यो कोट शिवला. गोरे थंड मुलखातले. ते कवाच घरी गेले की. आमीच अजून त्यांचा कोट घालून घाम गाळतोय."

"त्या कोटाला वजन असतं. कोट घातला की माणूस साहेब दिसतो." अण्णांनी टाय सारखा केला. "मांडवाच्या दारापर्यंत बघतो. तिथं कुणी नाक मुरडलं तर मुकाट कोट चढवायचे. ज्याला सोसत नाही, त्यानं टेम्पोत बसायचं."

हुसेनसाबांनी चाचांकडं पाहिलं. टेम्पोत कुणी बसायचं, हे सगळ्यांनाच कळलं होतं. आणि एकदा टेम्पोत बसवलेला म्हातारा पुन्हा बँडच्या पुढं उभा राहत नाही, हेही.

"फिकर नक्को कर, हुसेन," चाचा म्हणाले आणि क्लॅरिनेट पुसायला लागले.

वरात निघाली. पुढं बँड, मध्ये घोड्यावर नवरदेव, मागून ट्रंक घेऊन हळूहळू येणारा टेम्पो. चाचा असे काही वाजवत होते, की घोडासुद्धा शहाण्यासारखा चालला होता. अण्णा आणि भाऊ मात्र उन्हानं कासावीस झाले होते. मांडव दिसला तसे ते वरात सोडून बाजूच्या पाण्याच्या पिंपाकडं वळले.

मांडवाच्या दारात नवरीचे आजोबा आबासाहेब उभे होते. गुडघे दुखतात म्हणून ते साखरपुड्याला सोलापूरला गेले नव्हते, त्यामुळं सोयऱ्यांपैकी कुणालाच त्यांनी पाहिलं नव्हतं. पण घरात वडीलधारे तेच, पहिली गळाभेट त्यांचीच. दाराशी बाजा थांबला, चाचांनी क्लॅरिनेट काखेत मारलं. आबासाहेबांना समोरून पांढरा सदरा, गुलाबी फेटा आणि पांढरी दाढी तेवढी येताना दिसली. आबासाहेबांनी आव बघितला ना ताव, सरळ चाचांच्या कपाळाला गंध लावलं, खांद्यावर नवाकोरा टॉवेल टाकला आणि कडकडून मिठी मारली.

"या पाव्हणं, या! लई उनातनं आलासा."

"म्या तर..." चाचा म्हणू लागले.

"बोलू नगा. दम खावा आदी. खुर्ची आना रं!"

हुसेनसाबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिकडं पिंपापाशी पाणी वाढणाऱ्या केराबाईनं ब्लेझरवाल्यांना अडवलं होतं. "हितं न्हाय. बाजेवाल्यांनी तिकडं, शेडमागं बसायचं. पंगत उटल्याबिगर ताट न्हाय मिळायचं."

"अहो बाई, मी नवरदेवाचा बाप आहे!"

"व्हय व्हय, आन मी कलेक्टरीण!" केराबाई पदर तोंडाला लावून हसली. "ह्या उनात कोट घालतंय कोन? बँडवालंच की!"

तेवढ्यात नवरीचे वडील धावत आले. "आबा, आवो ते बँडवालं हायत! सोयरं तिकडं उभं हायत, कोटात!"

आबासाहेबांनी एकदा पिंपाकडं पाहिलं, एकदा चाचांकडं. चाचांचा हात त्यांनी सोडला मात्र नाही.

"असंनात," ते म्हणाले. "आता लावल्यालं गंध पुसून काढू व्हय?"

मग सगळ्यांच्या नजरा अण्णांवर खिळल्या. हुसेनसाब टेम्पोकडं निघाले. आता ट्रंक उघडावीच लागणार, एवढं त्यांना कळत होतं.

अण्णांच्या हातात केराबाईनं शेवटी कीव येऊन दिलेला पाण्याचा तांब्या होता. त्यांनी आपल्या सोनेरी बटणांकडं पाहिलं. मग खुर्चीत बसलेल्या चाचांकडं पाहिलं. कपाळाला गंध, खांद्यावर टॉवेल, फेट्याचा शेमला वाऱ्यावर हलतोय. म्हातारा खरोखर घरातला थोरला दिसत होता. अण्णांना आधी कसनुसं झालं, आणि मग हसू आलं ते आवरेना.

त्यांनी टाय ओढून काढला.

"हुसेनसाब," त्यांनी हाक मारली, "त्या ट्रंकेत जागा हाय का?"

ट्रंक मांडवाच्या दारात आणली. लाल कोटांवर एकेक करत पाच ब्लेझर कोंबले. अण्णांनी दाबलं, भावांनी रेटलं, तरी झाकण काही केल्या बसेना. बरीच वर्षं साठलेलं ते, एका दुपारीत कसं मावणार?

शेवटी केराबाई पुढं झाली, लुगडं सावरलं आणि ट्रंकेवर ऐसपैस बसली.

"हं," ती चाचांना म्हणाली, "वाजवा की आता."